मांडव उतरल्यावर
लेखमाला : मांडवामागचा धंदा, भाग 5

मागच्या आठवड्यात इसाराचा आणि भावपत्रकाचा विषय झाला. आज रिकाम्या महिन्यांकडे वळू, आणि त्यासाठी बेल्याला जाऊ. आदिलाबाद जिल्ह्यातलं हे मंडलाचं गाव. कारभार तेलंगणाचा, पण कानावर मराठी सर्रास पडते. सोयरिकी पैनगंगेपलीकडे यवतमाळात आणि कोरपना-राजुऱ्याकडे चंद्रपुरात. राजुरा तर 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. अशा गावात बिछायत केंद्र चालवायचं, तर मराठी पंचांगाबरोबर तेलुगू पंचांगही हाताशी हवं.

यंदाचं, म्हणजे 2026 चं, वर्ष अवघड आहे. 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. उन्हाळी लगीनसराईतला ऐन भराचा महिना त्यात गेला, आणि अधिक महिना दोन्ही पंचांगांत सारखाच. निज ज्येष्ठ आला तो पेरण्या घेऊन. 25 जुलैला आषाढी एकादशी, मग थेट 20 नोव्हेंबरच्या कार्तिकीपर्यंत चातुर्मास. मराठी पंचांग एकट्यानं वाचलं, तर सहा महिने कुलूप लावावं असं वाटेल.

तसं ते नाही. तेलुगू घरांत आषाढ टाळतात, पण श्रावण लागला की त्यांची लग्नं निघतात. यंदा श्रावण 13 ऑगस्टला लागतो. बौद्ध कुटुंबांना मुहूर्ताचं बंधन नाही, त्यांना अडवतो तो पाऊस. हरिनाम सप्ताहाला मांडव, सतरंज्या, भोंगे आणि पंगतीची भांडी, सगळंच लागतं. 14 सप्टेंबरला गणपती, पुढे बतुकम्मा आणि दुर्गा. खरोखर रिकामे म्हणावेत असे तुकडे दोनच उरतात : आषाढ आणि पितृपक्ष. मंदी घालवायचे उपाय शोधण्याआधी ती नेमकी किती दिवसांची, हे मोजायला हवं. बहुतेक जण मोजत नाहीत आणि घाबरून भाव पाडतात.

भाव पाडणं हा या धंद्यातला सगळ्यात महागडा मूर्खपणा. मांडव स्वस्त मिळतोय म्हणून कुणी आषाढात मुलीचं लग्न काढत नाही. गिऱ्हाईक वाढत नाही. उलट आषाढातला आकडा गावभर होतो आणि मार्गशीर्षात मुलीचा बाप तोच आकडा तोंडावर फेकतो. सवलत द्यायचीच असेल, तर ती वस्तूंत द्यावी. सप्ताहाला शंभर ताटं जास्तीची द्या, भावपत्रकाला हात लावू नका.

त्या दोन तुकड्यांत करायचं काय? आधी गोदाम उपसायचं. ओलसर कनात घडी घालून ठेवली की बुरशी धरते आणि उंदीर झालर कुरतडतात, म्हणून उघडीप मिळेल तेव्हा कापड वाळवून, शिवून, दांड्यावर टांगावं. पाइपांना गंज खरवडून रेड ऑक्साइड, बोल्टांना तेल, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई. खुर्च्या मोजाव्यात, लग्नागणिक दोन-चार कमी होतात आणि सीझनमध्ये ते कुणाच्या लक्षात येत नाही.

विजेच्या तारांकडे मात्र सावकाश बघायला हवं. जोडांवर चिकटपट्टी गुंडाळलेली जुनी वायर सरळ फेकून द्यावी, बोर्डात गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर बसवावा. 23 डिसेंबर 1995 ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या समारंभाचा मांडव पेटला. शॉर्ट सर्किट, वर कृत्रिम धाग्याचं छत, बाहेर पडायला वाट एकच. 400 हून अधिक माणसं गेली, त्यांत अर्ध्याहून जास्त मुलं. मांडवांच्या आगीपासून बचावासाठी आयएस 8758 हे भारतीय मानक आहे. ते वाचायला सीझनमध्ये कुणाला सवड मिळणार नाही, आषाढात एक दुपार पुरते. दोन बाजूंना वाटा आणि स्वयंपाकाची भट्टी कापडापासून दूर, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं.

आता माणसांचं. बेल्याच्या परिसरात कापूस भरपूर. तुळशीची लग्नं लागतात तेव्हा वेचणी जोरात असते, म्हणजे मांडवाच्या बल्ल्या उचलणारे हात नेमके शेतात. गंमत अशी की लग्नाचा पैसाही त्याच कापसातून येतो. म्हणून नोव्हेंबरात कोण येणार, किती रोजानं येणार, हे पावसाळ्यातच ठरवावं. बरेच जण त्यासाठी पोरांना उचल देतात. मला ती पद्धत फारशी आवडत नाही, कारण माणूस बांधला जातो आणि कुरबुर सुरू होते. त्यापेक्षा गोदामाच्या दुरुस्तीचं काम त्याच पोरांना रोजंदारीनं द्यावं. निंदणाचे दिवस सोडून ते येतात, आणि आपला मांडव कसा उभा राहतो हेही शिकतात.

एक काम कागदाचं. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी आली. 50 लाखांच्या आतल्या छोट्या सेवादारांना 6 टक्क्यांची कंपोझिशन योजना सोयीची वाटते, पण राज्याबाहेर सेवा पुरवणाऱ्याला तीत राहता येत नाही. बाकी तेलंगणात हा प्रश्न क्वचित येत असेल; बेल्यात तो दर सीझनला दारात उभा. मांडव बेल्याचा, लग्न कोरपन्याचं. अशी कामं वर्षात किती धरायची आणि त्यांचं बिल कसं करायचं, हे करसल्लागाराबरोबर याच दिवसांत बसून ठरवावं, तारखा धरायला लोक यायच्या आत.

पुढच्या आठवड्यात आचारी आणि वाढपी : माणशी भाव, आणि उरलेल्या बुंदीचा मालक कोण.