एका मताने खासदारकी जाते?

मार्जरी मार्गोलिस-मेझविन्स्की १९९२ साली पेनसिल्व्हेनियातल्या रिपब्लिकन वळणाच्या मतदारसंघातून जेमतेम निवडून आल्या. पक्ष डेमोक्रॅट. क्लिंटनच्या बजेटमध्ये करवाढ होती. "मी विरोध करणार," असं बाईंनी मतदारांना सांगून टाकलेलं. पण ऑगस्ट १९९३ मध्ये आकडे जुळेनात, खुद्द क्लिंटनचा फोन आला आणि बाई फिरल्या. बजेट २१८ विरुद्ध २१६ ने पास! विरोधी बाकांवरून लगेच "बाय-बाय मार्जरी".

१९९४ ला त्या पडल्याच. तसं त्या वर्षी डेमोक्रॅट्सचं सगळीकडेच पानिपत झालं, त्यामुळे सगळं खापर त्या मतावर फोडता येत नाही. पण सीट काठावरची, त्यात दिलेला शब्द मोडलेला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला प्रचाराचा आयता मुद्दा. पक्की सीट असती तर कदाचित खपलंही असतं.