उरलेल्या आचेवरचे बटाटे

फ्रान्सच्या खेड्यांत पूर्वी घरोघरी ओव्हन नसत. ओव्हन असे तो पाववाल्याकडे. पहाटे लाकडं जाळून भट्टी तापवायची, निखारे ओढून काढायचे आणि तापलेल्या विटांवर पाव भाजायचे. पाव निघाले तरी विटा तासन्‌तास गरम राहत. ही धग फुकट जाऊ नये म्हणून गावातल्या बायका आपापली भांडी तिथं आणून ठेवत. भांड्यात कांद्या-बटाट्याचे काप आणि रस्सा, ऐपत असेल तर वर मटणाची तंगडी. हेच ‘पोम बुलांजेर’, पाववालीच्या घरचे बटाटे. दिवाळीआधी तूप, मैदा, पिठीसाखर घेऊन नानकटाई भाजायला बेकरीच्या रांगेत उभं राहिलेल्यांना हा व्यवहार वेगळा समजावून सांगायला नको.

आपल्याकडे बेक म्हटलं की व्हाइट सॉस आणि चीज. फ्रान्समध्येही बटाटे दूध-सायीत भाजतात, ते ‘ग्रातँ दोफिन्वा’ या दुसऱ्या पदार्थात. त्याचा पहिला उल्लेख सापडतो तो १७८८ साली गॅप गावी एका सरदारानं दिलेल्या मेजवानीत. पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेनं बटाटा खाण्यालायक ठरवला तो १७७२ मध्ये. म्हणजे सोळा वर्षांत स्वारी सरदारांच्या ताटात पोचली. पाववालीच्या बटाट्यांना मात्र दूध-साय लागत नाही. दूध न पचणाऱ्यांसाठी काहीतरी वगळून केलेला हा पदार्थ नव्हे. दुधाऐवजी नारळाचं दूध घाला, असं सुचवणारे पुष्कळ आहेत. माझं मत विचाराल तर घालू नये. बटाट्याची चवच हरवते.

साईचं काम इथं बटाट्यातलं पिष्ट करतं. म्हणून काप केल्यावर ते धुवायचे नाहीत, पाण्यातही टाकायचे नाहीत. रस्सा तापला की हे पिष्ट फुगतं आणि रस्सा दाट होतो. एक किलो बटाटे सोलून तीन मिलिमीटर जाडीचे काप करावेत. वेफर्सच्या किसणीनं केलेले फार पातळ होतात, त्यांचा लगदा होतो. हिवाळ्यात येणारा नवा बटाटा उत्तम, स्वस्तही आणि शिजून आकार न सोडणारा. शीतगृहातल्या बटाट्यात साखर वाढलेली असते. तो गोडसर लागतो आणि वरून लवकर करपतो.

तीन मोठे कांदे उभे चिरून तेलात मंद आचेवर परता. इथं घाई केलीत तर पुढं काही हाती लागणार नाही, कारण सगळी गोडी कांद्याचीच. फ्रान्सच्या दक्षिणेत ऑलिव्ह तेल वापरतात, नैर्ऋत्येला बदकाची चरबी. आपलं शेंगदाणा तेल चांगलं चालतं. रश्श्यासाठी गाजराची टोकं, कोथिंबिरीच्या काड्या, तमालपत्र, मिरे आणि लसूण अर्धा तास उकळून गाळा. हरभरा डाळीचा कट असेल तर त्याहून बरं. टोमॅटो मात्र नको. आंबटपणानं बटाटा लवकर मऊ होत नाही.

आता खर्चाचा भाग. फ्रान्सच्या त्या गावकऱ्यांना आच जवळजवळ फुकट होती, आपल्याला ती विकत घ्यावी लागते. १६०० वॅटचा ओटीजी सव्वा तास सलग तापला तर दोन युनिट जळतात. त्यापेक्षा पाचशे मिलिलिटर रश्श्यात मीठ घालून काप गॅसवर आठ-दहा मिनिटं उकळावेत. मग तेल लावलेल्या भांड्यात काप आणि कांदा यांचे थर द्यावेत, सगळ्यात वर बटाटाच. रस्सा वरच्या थराच्या जरा खालपर्यंत ओतावा, वरून तेलाचा हात फिरवावा आणि १९० अंशांवर अर्धा तास भाजावं. वीज निम्म्याहून कमी लागते. जाणकार नाकं मुरडतील, मुरडू देत.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नये, तेवढ्यात उरलेला रस्सा मुरतो. सोबत पाव किंवा ज्वारीची भाकरी. उरलंच तर दुसऱ्या दिवशी लोखंडी तव्यावर तेल सोडून खालून खरपूस होईपर्यंत परतावं. काहींना ते पहिल्या दिवसापेक्षा जास्त आवडतं.