बडोद्याची पुस्तकपेटी

१९०६ साली अमेरिकेत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषधांच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी प्राथमिक शिक्षण संस्थानभर मोफत व सक्तीचे केले, आणि अमेरिकेचा दौराही केला. नाशिककडच्या कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाईपर्यंत स्वतः निरक्षर होता.

सक्तीचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आधी करून पाहिला होता. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड असे. पण खरा पेच पुढेच होता. शाळा सुटून पोर नांगराला लागले की अक्षरे विसरे. यावर उपाय ग्रंथालयांचा. १९१० मध्ये महाराजांनी विल्यम बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. इकडे ब्रिटिश हिंदुस्थानात गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले.

महाळुंग्यात बसून हे का लिहितो? दहावीनंतर मी कारखान्यात लागलो. पुढचे सारे शिक्षण उसन्या पुस्तकांवर झाले. आज शेजारच्या खोल्यांत शिफ्ट संपवून परतणाऱ्या पोरांना वाचता येते, पण हाताशी पुस्तक नसते. शाळेची सक्ती आपण स्वीकारली, पेटी विसरलो. घरातली एक पत्र्याची पेटी मी रिकामी केली आहे. दिवाळीनंतर ती पुस्तकांनी भरून त्या खोल्यांकडे जाईल.