आवाज उसना नको

आज बोलायचंय ते बोलण्याबद्दलच. बचत गटांतल्या बऱ्याच जणी हल्ली आवाज देण्याची कामं करू लागल्या आहेत. कुणी सामुदायिक रेडिओवर निवेदन करते, कुणी आरोग्याच्या माहितीपटामागे बोलते, कुणी गटाच्या पापड-मसाल्याची जाहिरात मोबाईलवर रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाकते. पडद्यावर चित्र दिसतं, बोलणारी दिसत नाही. याला व्हॉइस ओव्हर म्हणतात. हे काम शिकणाऱ्या बायकांबरोबर आम्ही बसतो, आणि एक गोष्ट बहुतेक जणींच्या बाबतीत घडते. ओट्यावर बसून तासभर रंगून बोलणारी बाई कागद हातात घेतला की दुसरीच कुणीतरी होते. आवाज वर चढतो, मान ताठ होते, आणि शेजारणीलासुद्धा ओळखू येत नाही की ही आपलीच सुमनकाकू की आणखी कोण.

हा आवाज येतो कुठून? तो उसना असतो. शाळेत उभं राहून धडा वाचताना लागलेला एक सूर आपल्यात कायमचा बसलेला असतो, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हेल काढणारा. दुसरा सूर बातम्यांचा. पुण्याहून प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे यांचा आवाज एका पिढीच्या घराघरात ओळखीचा होता. तसं बोलावं असं कुणालाही वाटेल. पण बातम्या देणं हे वेगळं काम आहे. तिसरा सूर टीव्हीवरच्या जाहिरातीतला, उगीचच आनंदी. हे तिन्ही सूर वाईट नाहीत, फक्त ते आपले नाहीत.

तुम्ही म्हणाल, शब्द नीट कळले म्हणजे झालं, सुराचं एवढं काय? तर बघा. सामुदायिक रेडिओचा ट्रान्समीटर लहान असतो, साधारण दहा किलोमीटरच्या टापूत ऐकू जाईल एवढा. म्हणजे ऐकणारी माणसं आपल्याच गावातली, आठवडी बाजारात भेटणारी. हवेतल्या लहरी ही सगळ्यांची मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिला. 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना असे रेडिओ चालवण्याची वाट मोकळी केली. त्यानंतर 2008 साली तेलंगणात झहीराबादजवळ दलित शेतकरी बायकांनी चालवलेला संघम रेडिओ सुरू झाला, आणि आपल्याकडे साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी. बाहेरच्या बाईंचा गोड आवाज हवा असता तर आकाशवाणी होतीच. आपला रेडिओ काढायचा आणि त्यावर परक्या आवाजात बोलायचं, मग मिळवलं काय?

आता एक उदाहरण घेऊ. समजा तुमच्या हातातल्या कागदावर असं लिहिलंय: 'अतिसारामध्ये बालकाच्या शरीरातील जलांश व क्षार यांचे प्रमाण घटते. अशा वेळी जलसंजीवनीचे द्रावण तयार करून वारंवार पाजावे.' हे कितीही चांगल्या आवाजात वाचा, ते चिकटवल्यासारखंच वाटणार, कारण असं कुणी बोलतच नाही. म्हणून आवाजाच्या आधी कागद हाताळायचा. एकदा वाचायचा, पालथा ठेवायचा, आणि समोर धाकटी जाऊ बसलीय, तिच्या मांडीवर मलूल झालेलं लेकरू आहे असं धरून तिला सांगायचं. 'अगं, जुलाब लागले की लेकराच्या अंगातलं पाणी जातं, मीठ जातं. ते भरून काढायचं. आशाताईकडून जलसंजीवनीचं पाकीट आण. एक लिटर पाणी मोजून घे, उकळून गार केलेलं. त्यात अख्खं पाकीट टाक. आणि घोट घोट पाजत राहा.' सांगताना जो आवाज निघाला ना, तो तुमचा. तो घशात शोधून सापडत नाही. समोर कोण आहे हे पक्कं झालं की आपोआप येतो.

पण एक पथ्य आहे आणि त्यात आम्ही कुणाला सवलत देत नाही. शब्द बदला, आकडे बदलू नका. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच. निम्मं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलं तर ते मिठानं जड होतं आणि लेकराला अपाय करतं. पाणी जास्त झालं तर गुण येत नाही. बाजारात 200 मिलिलिटरची लहान पाकिटंही मिळतात, म्हणून 'पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी' हेही सांगायचं. केलेलं पाणी 24 तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. बदललेला मजकूर रेकॉर्डिंगच्या आधी नर्सताईंना किंवा डॉक्टरांना दाखवून घ्यायचा. आपल्या आवाजात सांगणं म्हणजे मनचं सांगणं नव्हे.

पहिल्यांदा स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं की बहुतेक जणी कानावर हात ठेवतात. 'मायबाई, असा आहे का माझा आवाज?' मैत्रिणींनो, यात बिघाड काहीच नाही. आपलं बोलणं आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतं. एक हवेतून कानात, आणि दुसरी डोक्याच्या हाडांतून आतल्या आत. दोन्ही कान बोटांनी बंद करून गुणगुणून बघा, आवाज कसा घुमतो ते कळेल. ही हाडांची वाट आवाजाला भरदार करते. रेकॉर्डिंगमध्ये ती नसते, म्हणून तो पातळ आणि परका वाटतो. बाकी सगळं जग तुमचा तोच आवाज रोज ऐकतं आणि त्याच आवाजाला ओ देतं. आठ-दहा वेळा ऐकला की आपल्यालाही सवय होते.

मग आपली पट्टी कोणती? त्यासाठी पेटी लागत नाही. आजी गोष्ट सांगायची तेव्हा आपण हुंकार द्यायचो, तो आठवा. 'हं... हं...' हुंकार देताना कुणी आवाज चढवत नाही की दाबत नाही. तो निघतो तीच तुमची सहज पट्टी. बायकांच्या स्वरतंतूंची कंपनं सेकंदाला साधारण 200 होतात, पुरुषांची सव्वाशेच्या आसपास. भीती वाटली की घसा आवळतो आणि ही कंपनं वाढतात; म्हणून घाबरलेली बाई बारीक आवाजात बोलते. रेकॉर्डिंगच्या आधी एकीनं दुसरीला काहीही सांगावं, अगदी बसमध्ये जागा कशी मिळाली नाही तेसुद्धा, आणि दुसरीनं हुंकार द्यावा. चार हुंकार झाले की त्याच सुरात पहिलं वाक्य सुरू करायचं. आम्ही हे प्रत्येक वेळी करतो. बाहेरून बघणाऱ्याला हसू येईल, येऊ दे.

श्वासाचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या भाषेची एक खोड आहे. मराठीत 'नाही' आणि 'नका' वाक्याच्या शेवटी येतात. नवशिकी बाई एका दमात वाचायला जाते, शेवटाला दम संपतो आणि शेवटचाच शब्द गिळला जातो. 'फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली घरात पाण्यासाठी वापरू नका.' यातला 'नका' विरला तर काय ऐकू जाईल? कापसाच्या दिवसांत अशी सूचना आपण रोज देतो. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही. म्हणून वाक्य मोडायचं. 'फवारणीच्या औषधाची बाटली रिकामी झाली, तरी ती विषारीच. पाण्यासाठी ती वापरू नका.' कागदावर श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलीनं उभी रेघ मारायची, आणि प्रत्येक 'नका'खाली आडवी.

आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. जात्याचा फेरा आणि ओवीचा श्वास एकमेकांत बसलेले असायचे. हातातलं काम जड, तरी ओवीचा शेवटचा शब्द पुरा व्हायचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण मिळालं तर जरूर ऐका. पहाटेच्या वेळी जात्यापाशी ऐकणारं परकं कुणी नसायचं, त्यामुळे आवाज सजवायचं कारणच नव्हतं.

आता 'पानी' आणि 'पाणी'. हा प्रश्न दर वेळी येतो, आणि विचारणारीचा चेहरा उतरलेला असतो. कुणीतरी कधीतरी हसलेलं असतं. आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदन-जाफराबादकडची बाई बोलली की तिला बुलढाण्याचा वारा लागलेला असतो, घनसावंगी-अंबडची गोदाकाठचं बोलते, आणि निजामाच्या राज्यातली दखनी अजून सगळ्यांच्याच जिभेवर आहे. आमचं मत स्पष्ट आहे. आपल्या रेडिओवर 'पानी' म्हणा, 'लोनी' म्हणा, 'कामून' म्हणा. ऐकणारीला कळतं, आणि आपल्यातलीच बोलतेय हेही कळतं. पण आवाजावर चार पैसे मिळवायचे असतील तर बाहेरचं काम छापील मराठीत मागतात, तेव्हा 'ण' आणि 'ळ' यांचा सराव करून ठेवायचा. ठेवणीतलं लुगडं असतं तसं. ते नेसलं म्हणून रोजचं लुगडं हलकं ठरत नाही.

यंत्राचं फार नाही. मोबाईल तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरा, अगदी समोर नको. तळहात तोंडासमोर धरून 'भाकरी' म्हणा, मग 'मीठ' म्हणा. 'भ'चा वारा हाताला लागतो. तोच वारा माईकवर आपटला की फट् असा आवाज येतो. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. त्यापेक्षा गोधड्यांची चळत असलेली खोली निवडा, गोधड्या घुमारा शोषून घेतात. शहरातल्या स्टुडिओत भिंतींना जाड अस्तर लावतात ते याचसाठी.

घशाला पाणी द्या, थोडं थोडं, दिवसभर. सारखं खाकरू नका, त्यानं स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. कापूस वेचून आल्यावर लगेच बोलायला बसू नका. आवाज बसला असेल तर कुजबुजण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. आणि तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस आवाज बसलेला राहिला तर काढा घेत न बसता डॉक्टरांना घसा दाखवा; तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर आधीच.

शेवटचं, पैशाचं. 'आवाजाचं काम देतो, आधी नोंदणीची फी भरा' असा फोन आला तर फी भरू नका. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. नमुना म्हणून अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग पुरतं. पूर्ण जाहिरात फुकट वाचून देऊ नका. आणि आवाज कुठे, किती दिवस वापरणार हे लिहून घ्या. आता संगणकाला थोडासा नमुना दिला तरी तो हुबेहूब आपल्यासारखं बोलू शकतो, तेव्हा 'या आवाजावरून दुसरा आवाज तयार करणार नाही' हे वाक्यही त्या कागदावर असू द्या. गटाच्या बैठकीत असा एक कागद तयार करून त्याच्या प्रती काढून ठेवा, म्हणजे जिला काम येईल तिला तो लगेच देता येईल.