लांब वस्तूसाठी लांबच खोका

क्रिकेटच्या नियमांनुसार बॅट जास्तीत जास्त ९६.५ सेंटिमीटर लांब, १०.८ रुंद आणि ६.७ जाड असू शकते. ती कुरिअरने पाठवायची तर घरातल्या चौकोनी खोक्यात तिरपी बसवण्याचा मोह होतो. ६० सेंटिमीटरच्या घनाकृती खोक्याचा आतला कर्ण सुमारे १०४ सेंटिमीटर भरतो, म्हणजे कागदावर बॅट सहज मावते. पण कर्ण ही जाडी नसलेली रेघ आहे. बॅटचे रुंद पाते कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि हिशेब चुकतो. खर्चाचे गणित तर याहून वाईट. अनेक कुरिअर सेवा घनसेंटिमीटरमधल्या आकारमानाला ५००० ने भागून येणारे वजन आणि प्रत्यक्ष वजन यांतले जे जास्त, त्यावर आकार लावतात. या खोक्याचे वजन ४३.२ किलो धरले जाईल. १०० × १५ × १० च्या खोक्याचे फक्त ३ किलो!

लांबट खोका मध्येच वाकतो, हा आक्षेप खरा आहे. मात्र बॅट स्वतःच ताठ असल्याने खोक्याला आधार देते. बासरीसारखी नाजूक वस्तू असेल तर पाच पदरी पुठ्ठा घ्यावा आणि दोन्ही टोकांना जाड गादी द्यावी, कारण खोका उभा आपटला की सगळा मार टोकावरच येतो.