जुन्या जीपला मोठे टायर लावले की स्पीडोमीटर चुकतो, तो कसा?

रीलमध्ये उंच केलेली जुनी विलीज किंवा महिंद्रा जीप तुम्हीही पाहिली असेल. आमच्या शेलूबाजारकडच्या काळ्या मातीत अशी गाडी भारी चालेल, असं वाटतं ना? मी इंजिनीअर, म्हणून आधी गणित बघू.

लिफ्ट म्हणजे काय? जुन्या पद्धतीत पाट्यांची कमान वाढवतात किंवा लांब शॅकल लावतात. बॉडी वर जाते, पण अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा तिथेच राहतो. तो फक्त मोठ्या टायरने उचलला जातो. २८ इंचाऐवजी ३१ इंची टायर लावला, तरी फायदा दीडच इंच.

किंमत काय? स्पीडोमीटर फेऱ्या मोजतो, टायरचा घेर नाही. काटा ६० वर असताना खरा वेग सुमारे ६६! शेजारी बसलेल्याला मोबाईलच्या जीपीएसवर बघायला सांगा. शिवाय ओढ कमी होते, ब्रेक जुनेच राहतात आणि उंच गाडी वळणावर लवकर कलंडते.

आणि कायदा? जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल चालणार नाही. आता दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

चिखलासाठी मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर घ्या.