मधल्या विमानतळाचा व्हिसा

धाराशिवहून परदेशी जाणारे बहुतेकजण मुंबई किंवा हैदराबादहून निघतात आणि दुबई, दोहात विमान बदलतात. तिकीट एकच असेल आणि विमानतळाबाहेर पडायचं नसेल, तर तिथे भारतीयांना व्हिसा लागत नाही. अमेरिकेत मात्र दोन तासांच्या थांब्यालाही इमिग्रेशन टळत नाही. पर्यटक व्हिसा नसेल तर सी-१ हा ट्रान्झिट व्हिसा हवाच. लंडनला नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडाचा वैध व्हिसा असल्यास साधारणपणे सूट मिळते.

सर्वांत जपायचं ते स्वस्तात घेतलेल्या दोन वेगळ्या तिकिटांना. सामान घ्यायला बाहेर यावं लागलं, की त्या देशाचा प्रवेश व्हिसा आलाच. तो नसेल तर विमान कंपनी मुंबईच्या काउंटरवरूनच परत पाठवते.